चार चाकांची कुलपं

१

गुरुवारी सकाळी साडेनऊला जुन्या गाड्यांच्या क्लबचे सेक्रेटरी दातांच्या डॉक्टरांकडे आले ते हातात एक आकडा घेऊन. रविवारी क्लबच्या गाड्यांची घाटापर्यंत फेरी होती आणि यंदा डॉक्टरांची गाडी सगळ्यांच्या पुढे राहणार होती. तिच्या दारावर चिकटवायचा हा एक नंबर.

डॉक्टरांनी गॅरेजचं कुलूप काढून शटर वर केलं. सेक्रेटरींनी गाडीवरचं कव्हर पुढच्या बाजूने धरलं आणि हलक्या हाताने मागे ओढलं. बंपर दिसला, दिवे दिसले. मग सेक्रेटरींचा हात थांबला.

"डॉक्टर," ते म्हणाले, "चाकं कुठायत?"

पंचेचाळीस वर्षांची ती गडद हिरवी, दोन दारांची गाडी लाकडाच्या चार ठोकळ्यांवर उभी होती. दातांची कवळी काढून ठेवलेल्या माणसासारखी दिसत होती बिचारी.

ती चाकं साधी नव्हती. अलॉयची, आठ आऱ्यांची, मूळ कारखान्यातली. तसली चाकं बनणं बंद होऊन एक पिढी उलटली होती. गेल्या वर्षी क्लबातल्या दोघांच्या गाड्यांची चाकं चोरीला गेली, तेव्हा डॉक्टरांनी आपल्या चाकांना कुलपं बसवून घेतली. प्रत्येक चाकाच्या चार नटांपैकी एक नट कुलपाचा. त्याचं डोकं गोल, गुळगुळीत, मधे नागमोडी खाच. त्या खाचेत बसणारी चावी असल्याशिवाय कुठलाही पाना त्याला धरू शकत नाही.

आणि आता चारही कुलपांचे नट ओरखड्यापलीकडे काही इजा न होता शाबूत होते. गॅरेजचं कुलूपही शाबूत.

"म्हणजे चावीने उघडलं," सेक्रेटरी म्हणाले. "चाव्या कुणाकडे?"

"एक माझ्या टेबलाच्या खणात," डॉक्टर म्हणाले. "दुसरी चावीताईकडे."

सेक्रेटरींनी पुढे काही विचारलं नाही. दुपारपर्यंत क्लबच्या सव्वाशे लोकांच्या फोनवर त्यांचा निरोप पोचला होता: डॉक्टरांची चाकं गेली, कुलपं चावीने उघडलेली आहेत, दुसरी चावी कुलपांच्या दुकानात असते, ज्याने त्याने काय ते समजावं.

२

चावीताईंचं दुकान बारा फूट लांब आणि सहा फूट रुंद. वडील गेल्यावर त्यांनी ते बावीस वर्षं चालवलं होतं. गावातली निम्मी कुलपं त्यांच्या हातची. गिऱ्हाइकाने म्हटलं तर त्याची दुसरी चावी पाकिटात घालून, तोंडावर त्याचीच सही घेऊन, त्या आपल्या तिजोरीत ठेवत. कुणी बाहेर अडकलं की धावत इकडे यायचं, सही ओळखायची, पाकीट फोडायचं. अशी तीनशे अकरा पाकिटं त्यांच्याकडे होती.

दुपारी दोनपासून लोक ती पाकिटं परत न्यायला येऊ लागले.

पहिला वकील आला. "तसं काही नाही हो चावीताई, घरीच ठेवावी म्हटलं." मग एक शिक्षिका. मग औषधांच्या दुकानाचा मालक, जो नजर वर उचलेना. चारपर्यंत सतरा पाकिटं गेली. चावीताईंनी प्रत्येकाला पाकीट दिलं, वहीत सही घेतली, आणि अठरावं गिऱ्हाईक येण्याआधी दुकानाला कुलूप घातलं. डॉक्टरांच्या नावची दोन पाकिटं, एक चाकांच्या कुलपांचं आणि एक गॅरेजचं, पिशवीत टाकून त्या थेट त्यांच्या घरी गेल्या.

दार डॉक्टरांनीच उघडलं. समोर उभ्या असलेल्या बाईकडे ते क्षणभर नुसते बघत राहिले.

"कोण?"

"मी चावीताई."

"हां, हां. या ना. आत या."

सेक्रेटरी तिथेच बसलेले होते. बरंच झालं, असं चावीताईंना वाटलं. त्यांनी दोन्ही पाकिटं टेबलावर ठेवली. "सही बघून घ्या, डॉक्टर. तुमचीच आहे ना?"

डॉक्टरांनी पाकीट हातात घेतलं, त्यावर अंगठा फिरवला आणि परत ठेवलं. "माझीच."

चावीताईंनी सगळ्यांसमोर चाकांच्या चावीचं पाकीट फोडलं. आतली चावी कारखान्यातून आली तशीच मेणकागदात गुंडाळलेली होती. कागद सोडवताच त्यांच्या बोटांना घट्ट पिवळं ग्रीस लागलं. "या चावीने एकदाही नट फिरला असता तर हे ग्रीस राहिलं असतं का?"

"ग्रीस काय, परत लावता येतं," सेक्रेटरी म्हणाले. "पाकिटंसुद्धा परत चिकटवता येतात. मी कुणावर आरोप करत नाहीये."

"नाही, तुम्ही फक्त सव्वाशे जणांना कळवलंत," चावीताई म्हणाल्या. "पोलिसांत गेलात का, डॉक्टर?"

"रविवार होऊन जाऊ दे," डॉक्टर म्हणाले. "मग बघू."

"मग निदान गाडी मला बघू द्या."

गॅरेजमध्ये त्या गाडीभोवती गुडघ्यांवर फिरल्या. चोराने सोळाच्या सोळा नट परत आपापल्या जागी अलगद फिरवून ठेवले होते. कुलपांच्या चारही नटांच्या तोंडावर मात्र बारीक ओरखडे होते. आडवेतिडवे नव्हे, गोल गोल, खाचेच्या भोवती. त्या बराच वेळ त्यांच्याकडे बघत राहिल्या. मग उठल्या आणि त्यांनी गाडीची डिकी उघडली.

आत स्टेपनी होती. तेच अलॉयचं चाक, आठ आऱ्यांचं, आरशासारखं चकचकीत.

"पाचवं चाक इथेच आहे की," त्या म्हणाल्या.

"चोराच्या लक्षात आलं नसेल," दारातून डॉक्टरांच्या बायकोचा आवाज आला. तो जरा घाईने आल्यासारखा वाटला.

३

शुक्रवारी सकाळी दुकान उघडताच आणखी नऊ पाकिटं गेली; मग कुलूप घालून चावीताई आधी सेक्रेटरींच्या घरी गेल्या. त्यांच्याकडेही त्याच मॉडेलची गाडी होती, पण तिची चाकं खारवून पांढरी पडलेली. डॉक्टरांची चाकं आपल्याला मिळावीत म्हणून त्यांनी तीनदा शब्द टाकला होता, हे क्लबात सगळ्यांना माहीत होतं.

"माझ्यावर संशय आहे तुमचा?" सेक्रेटरींनी विचारलं.

"तुमचा माझ्यावर आहे, तेवढाच. एक सांगा. डॉक्टरांच्या पाच चाकांतलं एकच घ्या म्हटलं, तर कुठलं घ्याल?"

"स्टेपनी," सेक्रेटरी ताडकन म्हणाले. "ती कधी रस्त्याला लागलेलीच नाही. उलट पुढचं उजवं कुणी फुकट दिलं तरी नको, त्याची कड वाकलेली…" 

"क्लबातल्या कुणालाही विचारलं तर तो हेच सांगेल ना?"

"कुणीही. अहो, चाकांतलं ज्याला काही कळतं तो चोर स्टेपनी आधी उचलेल. डिकीला तर कुलूपसुद्धा नसतं."

"आणि ज्याला कळत नाही तो ही चाकं चोरेल कशाला?"

 सेक्रेटरींना चहा विचारायचंही सुचलं नाही.

तिथून त्या मिस्त्रींकडे गेल्या. मिस्त्री म्हणजे डॉक्टरांच्या गाडीचे फॅमिली डॉक्टर. वीस वर्षं दुसऱ्या कुणी तिच्या इंजिनाला हात लावला नव्हता. बुधवारी सकाळी दहाला त्यांनी चाकांत हवा भरली होती. तेव्हा चाकं होती. खणातल्या चावीची जागाही त्यांना ठाऊक होती.

"म्हणजे मीच की चोर," मिस्त्री हात पुसत म्हणाले.

"बघू. ही पाकिटातली चावी, हा डॉक्टरांच्याच गाडीवरून आणलेला नट. बसवून दाखवा."

मिस्त्रींनी नट डोळ्यांसमोर धरला. नटाच्या कडेवर कारखान्यानेच एक लाल रेघ मारलेली होती, चावीवरही तशीच. मिस्त्रींनी रेघेला रेघ जुळवली आणि चावी टक्कन बसली. "यात काय दाखवायचं? रेघ जुळवली की बसते. लहान पोरालाही जमेल."

"आणि रेघ न जुळवता बसवली तर?"

"तर खाच सापडेपर्यंत घासत बसावं लागेल. गोल गोल."

चावीताईंनी मान हलवली. "चोराने नट परत लावून ठेवलेत. चोर एवढा सभ्य असतो?"

मिस्त्री हसले. "ती डॉक्टरांची शिस्त! चाक काढलं की नट लगेच जागेवर, नाहीतर आटे खराब होतात. त्या गाडीला ज्याने ज्याने हात लावला त्याने त्यावरून बोलणी खाल्लीत. मी खाल्ली, त्यांच्या लेकीने खाल्ली, वहिनींनीसुद्धा. तिला जिवापाड जपतात हो. म्हणून तर दोन महिन्यांपूर्वी त्यांनी स्वतःच मागचा बंपर गेटला घासला तेव्हा मी चाट पडलो. म्हणाले, गेट अरुंद आहे."

"आणि आहे का अरुंद?"

"तीस वर्षं तेवढंच आहे."

चावीताईंनी चावी पिशवीत टाकली. चोर बाहेरचा नव्हता, हे आता त्यांना पक्कं कळलं होतं. घरात राहणाऱ्या कुणालातरी चाकं नकोच होती. त्याला फक्त गाडी हलायला नको होती.

तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. डॉक्टरांची बायको बोलत होती, दबक्या आवाजात.

"चावीताई, तुम्ही शोधाशोध थांबवा. चाकं मी काढलीत."

४

दोघी डॉक्टरांच्या स्वयंपाकघरात बसल्या होत्या, समोर गार झालेला चहा.

"मला ती फेरी नको होती," वहिनी म्हणाल्या. "घाटाचा रस्ता. यांचं वय सत्तर. शेजारच्या सीटवर नातीला बसवणार होते. सांगून ऐकतील ते हे कसले? म्हणून काढली. तुमच्यावर आळ येईल हे माझ्या ध्यानातच आलं नाही. मी सेक्रेटरींना फोन करून सांगते."

"कधी काढलीत?"

"बुधवारी. दुपारी."

"दुपारी तर तुम्ही लेकीकडे होता, वहिनी. मी आत्ता तिच्याकडूनच येतेय. बारा ते सात. तिनेच तुम्हाला आणून सोडलं."

वहिनींनी चहाचा कप उगाच फिरवला.

"चाकं कुठे ठेवलीत?"

"ते मी नाही सांगणार."

चावीताईंनी पिशवीतून नट आणि चावी काढली. "बरं, हे एवढं बसवून दाखवा."

वहिनींनी दोन्ही वस्तू हातात घेतल्या, उलट्यासुलट्या करून पाहिल्या. असली चावी त्या पहिल्यांदाच हाताळत होत्या हे उघड होतं. "या लाल रेघा जुळवायच्या, होय ना?" त्या म्हणाल्या, आणि चावी पहिल्याच खेपेला बसली.

"चारही नटांवर ओरखडे आहेत," चावीताई म्हणाल्या. "गॅरेजमध्ये दुपारी भरपूर उजेड असतो, वर दिवाही आहे. ज्याला या रेघा दिसतात त्याला घासावं लागत नाही. तुम्हाला लागलं नाही, मिस्त्रींना लागलं नाही. चाकं तुम्ही काढली नाहीत, वहिनी. पण कुणी काढली ते तुम्हाला ठाऊक आहे."

वहिनींच्या डोळ्यांत पाणी आलं. त्या काही बोलणार एवढ्यात मागून आवाज आला.

"तिला नका विचारू. मला विचारा."

डॉक्टर दाराच्या चौकटीला हात लावून उभे होते.

५

घराला लागूनच त्यांचा दवाखाना होता, सहा महिन्यांपासून बंद. आराम करायचाय, असं त्यांनी सगळ्यांना सांगितलं होतं. आतली खुर्ची प्लॅस्टिकखाली झाकलेली होती. मागच्या खोलीत, दातांच्या साच्यांच्या कपाटासमोर, जुन्या चादरीखाली चार चाकं एकावर एक रचून ठेवलेली होती.

"लोटत आणली," डॉक्टर म्हणाले. "एकेक करून. अलॉयची म्हणून जमलं. लोखंडाची असती तर पाठ गेली असती."

"जॅक लावणं, ठोकळे ठेवणं, नट काढणं हे तुमच्या हातांना तीस वर्षं पाठ आहे," चावीताई म्हणाल्या. "डोळे मिटूनसुद्धा जमेल. नवीन होतं ते फक्त माझं कुलूप. तिथेच तुमचे हात अडले. काल दारात मी बोलेपर्यंत तुम्ही मला ओळखलं नाहीत. सही बघा म्हटलं तर तुम्ही तिच्यावर अंगठा फिरवलात. किती दिसतं तुम्हाला?"

डॉक्टर दवाखान्यातल्या स्टुलावर बसले. "मधोमध डाग पडलाय. कडेचं सगळं दिसतं, म्हणून चालता-फिरता येतं, कुणाला कळत नाही. आत्ता तुमचे खांदे दिसतायत. कानसुद्धा दिसतोय. चेहरा नाही. ज्याच्याकडे बघावं तेच नेमकं दिसत नाही." ते थांबले. "एका पेशंटचा चांगला दात उपटणार होतो. तिनेच ओरडून सांगितलं, डॉक्टर, पलीकडचा. त्या दिवशी दवाखाना बंद केला. गाडीचं मात्र कुणाला सांगवेना. सेक्रेटरी म्हणाले, यंदा तुम्ही पहिले. नात सगळ्या शाळेला सांगून आली. नाही म्हणायचं तर कारण सांगायला हवं होतं. चाकं चोरीला गेली की कुणी कारण विचारत नाही."

"मला सांगायचं होतंत," वहिनी म्हणाल्या.

"तुला कळलं असतं तर तू काळजीने…"

"कळलं असतं? अहो, सहा महिने तुम्ही रोज पेपर उघडून बसता. पान उलटत नाही. मी काय आंधळी आहे?"

त्या बोलून गेल्या आणि त्यांनी जीभ चावली. डॉक्टर मात्र एकाएकी हसले. मग वहिनीही हसल्या, पदराने नाही, सरळ हाताच्या पंजाने डोळे पुसत.

चावीताई हसल्या नाहीत.

"तुमच्या डोळ्यांचं मला मनापासून वाईट वाटतं, डॉक्टर," त्या म्हणाल्या. "पण काल सतरा जण माझ्या दुकानातून आपल्या चाव्या परत घेऊन गेले. आज सकाळी अजून नऊ. बावीस वर्षं त्यांनी घराची दारं माझ्यावर सोडली होती. सेक्रेटरी माझ्याबद्दल बोलले तेव्हा तुम्ही शेजारी उभे होता. एक शब्द बोलला असतात तर थांबलं असतं."

डॉक्टर खाली मान घालून बसले. "मला वाटलं, दोन दिवसांत लोक विसरतील."

"चावी वितळवून परत घडवता येते. विश्वास नाही घडवता येत."

 कपाटातले साचे सगळे आ वासून बघत होते.

"काय करू सांगा," डॉक्टर शेवटी म्हणाले. "सेक्रेटरींना फोन करू?"

"फोन नको. जिथे माझं नाव गेलंय तिथेच, तितक्याच माणसांसमोर."

"म्हणजे डोळ्यांचंही सांगावं लागेल."

"ते तुमचं तुम्ही ठरवा. माझं एवढंच, की खरं सांगा."

६

शनिवारी संध्याकाळी पाचला क्लबचे लोक शाळेच्या मैदानावर जमले. गाड्यांचा क्रम ठरवायचा होता. डॉक्टर बायकोचा हात धरून आले. आजवर कुणी त्यांना असं हात धरून चालताना पाहिलं नव्हतं. त्यामुळे ते बोलायला उभे राहायच्या आधीच मैदान शांत झालं.

ते फार लांबण लावून बोलले नाहीत. चाकं मी काढली. चावी माझ्याच खणातली होती. मला आता गाडी चालवण्याइतकं दिसत नाही आणि ते सांगायची मला लाज वाटली. चावीताईंवर आळ आला तेव्हा मी गप्प बसलो, त्याची जास्त लाज वाटते. त्यांच्या तिजोरीत माझ्या दोन चाव्या होत्या. उद्यापासून घराची तिसरीही तिथेच ठेवणार आहे.

सेक्रेटरी उठले. खाकरले. "माझाही निरोप मी मागे घेतो," ते म्हणाले, आणि बसता बसता पुन्हा उठले. "मागे घेतो म्हणजे… चुकलं माझं, चावीताई."

मागच्या रांगेत वकील होता. सभा संपल्यावर तो चावीताईंजवळ आला, खिशातून पाकीट काढलं आणि त्यांच्या हातात ठेवलं. चावीताईंनी ते घेतलं. "सही पुन्हा करावी लागेल," त्या म्हणाल्या. "नियम आहे."

चाकं त्याच संध्याकाळी बसली. मिस्त्री होते, चावीताई होत्या, डॉक्टरांची लेक होती. शेवटच्या नटाला डॉक्टरांनी स्वतः चावी लावली. रेघ जुळवायला लेकीने त्यांचं बोट धरून नेलं. गाडी कोण चालवणार हा प्रश्न कुणी काढलाच नाही, कारण वहिनींनी तो दुपारीच सोडवला होता: लेक चालवणार. चाळीस वर्षांची लेक, पण त्या गाडीचं स्टिअरिंग वडिलांनी तिच्या हाती कधी दिलेलं नव्हतं.

रविवारी सकाळी आठला सगळ्या गाड्या ओळीने लागल्या. हिरवी गाडी पहिली. मागे वहिनी आणि नात, पुढे डॉक्टर, चालवायच्या नव्हे, शेजारच्या सीटवर. सेक्रेटरींनी झेंडा खाली केला आणि लेकीने, सगळ्यांच्या देखत, गाडी बंद पाडली.

मागून कुणीतरी हॉर्न वाजवला. लेकीचे कान लाल झाले. "बाबा, मला नाही जमणार. तुमचीच गाडी आहे ही."

"इंजिन सुरू कर," डॉक्टर म्हणाले. "घाई करू नकोस. थोडा गॅस दे. आणखी. ऐक, आता तिचा आवाज बदलला बघ. ऐकलास?"

"ऐकला."

"पुढे रस्ता मोकळा आहे का?"

लेकीने समोर पाहिलं. "आहे, बाबा."

"मग सोड क्लच."